स्विसाची खोली

मादाम सिदोनींना बाझील किती ओळखत होता, असं कुणी विचारलं असतं तर त्याला धड उत्तर देता आलं नसतं. अठ्ठावीस वर्षं दोघांची दारं एकाच चौकात उघडत होती. मधे फरसबंदीची बत्तीस पावलं. ती पावलं त्याने मोजली होती, पण त्यांचं माहेरचं आडनाव त्याला ठाऊक नव्हतं. नवरा वारला होता की नुसता निघून गेला होता, हेही त्याने कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणून दोनतीनदा तोंड उघडलं, आणि दरवेळी हवेबद्दल काहीतरी बोलून मिटलं. त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं का होतं, रविवारी दुपारी त्या कुणाला पत्रं लिहीत, रेडिओवर अकॉर्डियन लागलं की तो बंद का करत, यातलं काहीच त्याला सांगता आलं नसतं. एवढंच तो पक्कं जाणून होता की त्यांना ती देवडी सोडायची नव्हती.

देवडी म्हणजे पॅरिसच्या मारे पेठेतल्या ब्रेव्हिन्याक हवेलीच्या दरवाजातली. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या हवेलीचं काहीच दिसत नसे. नुसती उंच भिंत, आणि मधोमध घोडागाडी आत यावी एवढा दरवाजा. ज्याने बांधली त्याने गावाकडे सरळ पाठच केली होती. आत आलं की चौक, चौकापलीकडे मुख्य इमारत आणि तिच्या मागे बाग. राहणारे लोक उजवं-डावं म्हणतच नसत. मांजर बागेकडे गेलं, आवाज चौकाकडून आला, असंच बोलणं. दरवाजावर ‘ओतेल द ब्रेव्हिन्याक’ अशी अक्षरं कोरलेली होती. सरदार-दरकदारांच्या शहरातल्या घराला तिथे ओतेलच म्हणतात, पण स्टेशनवरून आलेला एखादा खेडवळ माणूस ती हॉटेल म्हणून वाचून बॅग घेऊन आत शिरायचा आणि खोली मागायचा. मादाम सिदोनी त्याला म्हणायच्या, “तीनशे वर्षं उशीर केलात. तेव्हाही तुम्हाला घेतलं नसतं.”

तीनशे वर्षांपूर्वी एका न्यायाधीशाने ती बांधली होती. जिन्याच्या लोखंडी कठड्यात त्याच्या नावाची अक्षरं वेलींसारखी वळवलेली होती. पुढे ती एका सावकाराकडे गेली. राज्यक्रांतीत सावकार पळाला, आरसे आणि पलंग लिलावात गेले. मग मुलींची शाळा आली, मग कातडी साठवणारा व्यापारी, मग बटणवाले. दिवाणखाना फार उंच म्हणून बटणवाल्यांनी मधे लाकडी माळा घातला. माळ्यावर काम करणाऱ्या बायकांच्या डोक्यावर हातभर अंतरावर छतावरच्या रंगवलेल्या देवता लोळत असायच्या. एका बाईने हॅट अडकवायला एका देवतेच्या गुडघ्यात खिळा ठोकला, आणि तो पुढे तीस वर्षं सगळ्यांनी वापरला. चौकातही पत्र्याच्या आणि काचेच्या शेडा उठल्या. त्यातल्याच एकीत बाझील दारांच्या पितळी मुठी आणि खिडक्यांच्या कड्या घासून चकचकीत करायचा.

मादाम सिदोनी दरवानीण म्हणून आल्या त्या आठवड्याची गोष्ट तो विसरणं शक्य नव्हतं. मालकाच्या माणसाने त्यांना सांगितलं होतं, चौकातल्या सगळ्या खिडक्या धुवा. त्यांनी चौकात उभं राहून उजव्या बाजूच्या खिडक्या मोजल्या, अकरा भरल्या. आत जाऊन धुतल्या, दहाच झाल्या. तीन वेळा वर गेल्या, तीन वेळा खाली आल्या. शेवटी शिडी लावून त्या अकराव्या खिडकीची झडप ढकलू लागल्या. ती खिडकी खिडकी नव्हतीच. डाव्या बाजूला अकरा होत्या म्हणून उजवीकडेही अकरा दिसाव्यात, एवढ्यासाठी भिंतीवर चौकट आणि झडपा बसवलेल्या होत्या. मागे नुसता दगड. बाझील आपल्या दारात मूठ घासत हे सगळं पाहत होता.

खाली उतरल्यावर त्या थेट त्याच्याकडे आल्या. “ती खोटी आहे हे माहीत होतं तुम्हाला?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“बाई शिडीला लटकलीय हे दिसत होतं ना? तिने खाली येऊन अर्ज करायला हवा होता का?”

बाझीलचे कान लाल झाले. तो म्हणाला, “आज वारा आहे.” आणि आत गेला. त्यानंतर ते वाक्य मादाम सिदोनींनी कायमचं धरलं. तो गप्प बसला की त्या म्हणायच्या, “काय, आज वारा आहे वाटतं?”

त्या क्रझ प्रांतातल्या. तिथले गवंडी पिढ्यान्‌पिढ्या पॅरिसला येऊन दगड घडवत आले, त्यांचे वडीलही त्यातलेच. दगडावर हात फिरवून तो कुठल्या हत्याराने तासलाय हे त्या सांगत. लढाईच्या वर्षांत त्यांनी घोड्यांच्या गव्हाणीत ससे पाळले आणि हवेलीतल्या कुणालाही उपाशी राहू दिलं नाही. चौकाच्या कमानींवर दगडी मुखवटे कोरलेले होते, त्यांना त्यांनी गेलेल्या भाडेकरूंची नावं दिली होती. फुगल्या गालांचा तो बटणवाला लेव्हास्सर, दाढीवाला तो पियानो शिकवणारा. त्यांच्यावर कबुतर बसलं की त्या खालून ओरडायच्या, “मस्यू लेव्हास्सर, टोपी सांभाळा!”

देवडी म्हणजे दरवाजालगतची एक खोली. एक खिडकी रस्त्यावर, एक चौकात, वर शिडीने चढायचं एक बुटकं झोपायचं ठिकाण. त्यात चूल, टेबल, पत्रांचे कप्पे आणि मादाम सिदोनी. दर गुरुवारी दुपारी बाझील तिथे सूप प्यायला जायचा. हे कधी सुरू झालं, कुणी बोलावलं, हेही त्याला आठवत नव्हतं.

बाझीलचं आणखी एक काम होतं, आणि ते त्याच्या स्वभावाला मुळीच शोभणारं नव्हतं. तो पेठेतल्या चर्चचा स्विस होता. म्हणजे रविवारी आणि लग्नाकार्यांना लाल डगला, सोनेरी पट्टे, पांढरे मोजे आणि पिसं लावलेली दोन टोकांची टोपी घालून, हातात भाला धरून मिरवणुकीच्या पुढे चालायचं, आणि गर्दी हटवायला भाल्याचा बुंधा फरशीवर आपटायचा. पाद्रीबाबांनी त्याला निवडलं ते उंचीसाठी. बाझील कधी स्वित्झर्लंडला गेला नव्हता. दिजाँच्या पुढेही गेला नव्हता. पण त्या कामाला नावच स्विस. पहिल्या रविवारी तो कुणी पाहू नये म्हणून भल्या सकाळी चौकातून निघाला, तर देवडीची खिडकी उघडली.

“अगं बाई! पत्त्यांतला राजा सुटलाय.”

तेव्हापासून तो स्विसमहाराज झाला. गंमत अशी की त्या डगल्यात त्याचा बुजरेपणा कुठे जायचा कोण जाणे. एकदा मंडळींची वाट अडवून उभ्या राहिलेल्या एका जनरलला त्याने भाला आपटून चार पावलं मागे सरकवलं होतं. डगला उतरवला की त्याच बाझीलला बेकरीत पाव मागतानाही घसा खाकरावा लागे.

एकोणीसशे चौसष्ट साली हवेली सरकारजमा झाली. जुनी घरं मुळात होती तशी करायची, असं ठरलं होतं. आराखडे काढायला एका खात्याकडून मस्यू देलोर्ग येऊ लागले. चाळिशीचे, हडकुळे, फार सभ्य गृहस्थ. तीन महिने ते फीत घेऊन भिंती मोजत होते आणि थंडी वाजली की देवडीत येऊन बसत. एका गुरुवारी ते आले तेव्हा बाझील टेबलाशी सूप पीत होता. मस्यू देलोर्गनी टोपी काढली, पण ते बसले नाहीत.

“मादाम, शेडा जाणार हे तर तुम्हाला माहीतच आहे.”

“जाऊ देत की. मस्यू बाझीलही आता थकलेत. बहिणीकडे जायचं म्हणताहेत.”

“ही खोलीही जाणार.”

मादाम सिदोनींनी डाव खाली ठेवला. “कुठली खोली?”

“ही. ही मूळची नाही. नंतर कुणीतरी भाड्यासाठी भिंत घातलेली दिसते. इथे कमान मोकळी करायचीय.”

“नंतरची कशावरून?”

मस्यू देलोर्गनी टाइप केलेले कागद टेबलावर पसरले. ज्या न्यायाधीशाने हवेली बांधली, तो मेल्यावर त्याच्या घरातली एकूणएक वस्तू कारकुनांनी लिहून घेतली होती, खोलीवार. ते जुनं हस्ताक्षर मस्यू देलोर्गनी मोठ्या कष्टाने उतरवून मजल्यांप्रमाणे लावलं होतं. “बघा. तबेला आहे, स्वयंपाकघर आहे, न्हाणीघर आहे. दरवानाची खोली कुठेही नाही.”

मादाम सिदोनींनी चष्मा लावून बोट फिरवलं. “आणि हे काय? स्विसाची खोली. पुढे प्रश्नचिन्ह.”

“ते मलाही कळलं नाही. स्वित्झर्लंडचा कुणी भाडेकरू असावा. मी ती दुसऱ्या मजल्यावर धरलीय.”

“स्विस? इथे? माझ्या काळात इथे एकच खरा स्विस आला, दातांचा डॉक्टर. आणि त्याने माझी चांगली दाढ उपटून किडकी तशीच ठेवली.”

बाझीलचा चमचा हवेत थांबला होता. त्याला पाद्रीबाबांचं बोलणं आठवलं. डगला अंगावर चढवताना त्यांनी सांगितलं होतं, की पूर्वी राजाच्या आणि बड्या लोकांच्या दरवाजावर स्वित्झर्लंडचे उंचेपुरे शिपाई ठेवत. पुढे दारावर कुणीही असो, पिकार्दीचा असो की पॅरिसचा, त्याला स्विसच म्हणू लागले. चर्चच्या दारातल्या माणसाला ते नाव तिथूनच आलं. त्याने तोंड उघडलं. मस्यू देलोर्गनी त्याच्याकडे पाहिलं.

“आज...” बाझील म्हणाला, “आज वारा बराच आहे.”

“आहे खरा,” मस्यू देलोर्ग म्हणाले, आणि कागद गोळा करून गेले.

मादाम सिदोनींनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, “भाचा म्हणतो, गावाकडे गेरेला या, खोली देतो. खोलीपुढे शेत आहे म्हणे. कोण आलं, कोण गेलं, काय कळणार तिथे? गायी मोजायच्या का मी?” हसल्या त्या, पण सूप वाढायचं विसरल्या.

दोन दिवस बाझीलने एकही मूठ नीट घासली नाही. मस्यू देलोर्ग शिकलेले होते. त्यांनी तीन महिने घालवले होते. पाद्रीबाबांनी सांगितलं ते खरं कशावरून? आणि आपण बरोबर ऐकलं होतं कशावरून? तिसऱ्या दिवशी तो देवडीच्या दारात जाऊन उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलून गेला.

मादाम सिदोनींनी विचारलं, “म्हणजे स्विस म्हणजे मी?”

“असं पाद्रीबाबा म्हणाले होते.”

“आणि हे तुम्ही गुरुवारी गिळून बसलात?”

“तुम्हीच सांगा त्यांना. तुम्हाला बोलता येतं.”

“मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारी खोलीसाठी काहीही बोलते. तुमची शेड तर जाणारच आहे. तुम्हाला यातून काय मिळायचंय? म्हणून तुम्ही बोललात तर ऐकतील.” मग म्हणाल्या, “मंगळवारी मोठे तपासनीस येताहेत. त्यांनी सही केली की संपलं. नाही जमलं तर राहू द्या, मस्यू बाझील. मी काही धरून बसणार नाही.”

हे शेवटचं त्या म्हणाल्या नसत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर सोपं होतं.

मंगळवारी सकाळी तपासनीस आले. काठी टेकत चालणारे, पांढऱ्या मिशांचे वयस्कर गृहस्थ. मस्यू देलोर्ग आणि आणखी दोघे बरोबर. जिना पाहिला, छतावरच्या देवता पाहिल्या, गुडघ्यातला खिळा पाहून तपासनीस हसले. मग सगळे दरवाजापाशी आले. मादाम सिदोनी स्वच्छ एप्रन बांधून दारात उभ्या होत्या.

तेवढ्यात चौकाच्या फरशीवर ठक असा आवाज झाला. परत ठक. सगळे वळले. शेडमधून लाल डगला, सोनेरी पट्टे आणि पिसांची टोपी घालून बाझील येत होता, हातात भाला. मिरवणुकीच्या पुढे चालतो तसा, सावकाश, मान ताठ.

“अहो, आज कुणाचं लग्न?” मादाम सिदोनींच्या तोंडून निघून गेलं.

“कुणाचंच नाही,” बाझील म्हणाला, आणि देवडीच्या दाराच्या उजव्या बाजूला उभा राहिला.

तपासनीसांनी त्याला खालून वर न्याहाळलं. “आपण कोण?”

“स्विस, साहेब.”

“कुठले?”

“चर्चमध्ये असलो की चर्चचा. दरवाजावर असलो की दरवाजाचा. पूर्वी मोठ्या घरांच्या दारावर जो उभा राही त्याला स्विस म्हणत. तो कुठलाही असो. त्याची खोली तुमच्या कागदात आहे. भाडेकरू नव्हता तो.” त्याला घाम फुटला होता, पण आवाज चर्चमधलाच होता.

तपासनीस मस्यू देलोर्गकडे वळले. “यादीत खरंच स्विसाची खोली आहे?”

“आहे. मी ती... वरच्या मजल्यावर...”

“मूळ हस्ताक्षराचा फोटो आहे?”

पिशवीतून फोटो निघाला. तपासनीसांनी तो डोळ्यांजवळ धरला आणि हळूहळू वाचू लागले. “मोठा दरवाजा. नंतर, सदर दरवाजालगतची स्विसाची खोली, रस्त्याकडे आणि चौकाकडे उजेड असलेली. नंतर तबेला. नंतर स्वयंपाकघर. अहो देलोर्ग, कारकून दारातून आत येत येत लिहितोय. तुम्ही ओळी मजल्यांप्रमाणे लावल्यात, आणि ‘लगतची’ हा शब्द गाळलात.”

“तो पुसट आहे, साहेब. मला वाचता आला नाही.”

“खोलीत काय काय आहे ऐका. एक खाट, एक शेगडी, एक तडा गेलेलं मडकं, एक भाला.” त्यांनी बाझीलच्या हाताकडे पाहिलं. “भाडेकरू भाला कशाला ठेवील?”

“भाडेकरू काय काय ठेवतात हे साहेबांना माहीत नाही,” मादाम सिदोनी म्हणाल्या. मग त्यांना राहवेना. “आणि भिंत नंतरची म्हणतात ना, तर हा कोपरा खरवडून बघा. दरवाजाच्या खांबाचे दगड आणि माझ्या भिंतीचे दगड एकमेकांत दात घालून बसलेत. नंतर घातलेली भिंत नुसती टेकते, दात घालत नाही. माझ्या बापाने लहानपणीच शिकवलंय.”

“मग आधी का नाही बोललात?”

“मला कुणी विचारलं?”

बाझील समोर बघत राहिला. त्याचे कान टोपीखाली होते, ते बरं झालं.

एकाने छिन्नी आणली. गिलावा हातभर निघाला. तपासनीस वाकून बघत राहिले, बोटाने सांध्यांवरून गेले आणि सरळ झाले. “सोळाशे पासष्टचंच काम. एका हाताचं.” मस्यू देलोर्गनी पेन काढलं आणि आराखड्यावरची काट खोडून त्यापुढे ‘राहील’ असं लिहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मादाम सिदोनींनी त्यांच्या दंडाला धरून आत नेलं. “बसा. तुम्ही काही मुद्दाम केलं नाहीत. आधी सूप प्या.”

दुपारी पाद्रीबाबांनी बाझीलला बोलावून विचारलं, “कुणाच्या परवानगीने डगला बाहेर काढलास?” पण पाद्रीबाबांना हसू आवरेना. वर्षभरात चर्चने स्विस ठेवणंच बंद केलं आणि डगला कपाटात गेला. बाझीलला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

वसंतात शेडा पाडल्या. चौक मोकळा झाला तेव्हा मादाम सिदोनी मधोमध उभ्या राहून चहूकडे बघत म्हणाल्या, “एवढा मोठा होता होय हा? आणि झाडायचा कुणी?” दगड धुऊन पांढरे झाले. मस्यू लेव्हास्सरचे गाल नव्यासारखे दिसू लागले. बाझील पॅरिसलगतच्या मोंत्रयला बहिणीकडे राहायला गेला, पण गुरुवारी मेट्रोने यायचा. बघायला येणारे लोक देवडीपाशी थांबून विचारायचे, हे मूळचंच का? मादाम सिदोनी म्हणायच्या, “खोली मूळची. मी जरा नंतरची आहे.” एकदा बाझीलसमोरच त्या कुणाला तरी म्हणाल्या, “हे मस्यू फार कमी बोलतात. पण एकदा बोलले.” तो हवेबद्दल काही म्हणणार होता, पण म्हणाला नाही.

सहासष्टच्या फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, त्या आपल्याच टेबलाशी खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. समोर अर्धवट लिहिलेलं पत्र होतं. ते भाच्याने नेलं. कुणाला होतं, हे बाझीलने विचारलं नाही.

आधीच्या गुरुवारी तो नेहमीसारखा उठला होता, कोट चढवला होता.

“पुढच्या वेळी ससा करू की डुकराचं?” त्यांनी विचारलं.

“ससा बरा.”

“मग येताना मोहरी आणा. माझी संपलीय. आणि झणझणीत आणा, मागच्यासारखी गोड नको.”

“आणतो.”

तो दरवाजापाशी गेला आणि सवयीने कडीला हात घातला. आतून त्यांचा आवाज आला.

“राहू द्या, मस्यू बाझील. दार मी लावते.”